कडूबाईंचं निदान

माझ्या दवाखान्यात निदान करणारी माणसं बरीच होऊन गेली. त्यांतला एक मीही होतो, आणि पाटी माझ्या नावाची असल्यामुळे श्रेय सगळं मलाच मिळालं. तीस-बत्तीस वर्षं संभाजीनगरात पोटाची आणि गाठींची ऑपरेशनं केली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मीही दिला. आता सकाळी फिरायला निघालो की कुणी ना कुणी भेटतं आणि म्हणतं, डॉक्टर, तुमच्या हाताला यश होतं. मी मान डोलावतो. हाताला असेलही. कानांचं काय होतं, ते आज सांगून टाकावं म्हणतो.

आधी गाठीबद्दल थोडं. गाठ म्हटलं की माणूस अर्धा मरतो आणि उरलेला अर्धा शेजारी मारतात. खरं तर बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. चरबीची असते, जुन्या टाक्याभोवती धरलेली असते, कधी हर्निया असतो. सर्जन काय करतो, तर बोटांनी चाचपतो आणि ठरलेले प्रश्न विचारतो. कधीपासून आहे, वाढली का, दुखते का, खोकल्यावर फुगते का, आडवं झाल्यावर आत जाते का. उत्तरं आली की डोक्यात खण असतात, त्यांतल्या एका खणात गाठ टाकायची. वर्षानुवर्षं हेच केलं की हात आपोआप खणाकडे जातो. क्वचित होणारे आजार तिथंच निसटतात, कारण ते येताना नेहमीच्याच आजाराचे कपडे घालून येतात.

कपड्यांवरून आठवलं. पडेगावचे एक कारकून माझ्याकडे आले ते शिंप्याची चिठ्ठी घेऊन. दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आणणारे पुष्कळ पाहिले होते, शिंप्याची आणणारा हा पहिलाच. रफिकभाई त्यांचे वर्षानुवर्षांचे शिंपी. गृहस्थांचं पोट सुटत चाललं होतं. कचेरीतले लोक थट्टा करत होते, बायको भात कमी वाढत होती, आणि ते स्वतः मनातून थोडे खूशच होते, की आपणही आता सुखवस्तू दिसायला लागलो. रफिकभाईंनी मात्र आपल्या वहीतून तीन वर्षांची मापं उतरवून दिली होती. कंबर दर वेळी वाढलेली, दंड आणि मांडी दर वेळी कमी झालेली. दोन दिवसांनी ते स्वतःही येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साब, पेट बढ रा और हाथ सूक रे. ऐसा मोटापा मैं नै देखा." मीही फारसा पाहिला नव्हता. आतड्यांच्या मागे, पाठीच्या बाजूनं, चरबीतूनच वाढलेला कर्करोग निघाला. सकाळी सुरू केलेलं ऑपरेशन संध्याकाळच्या चहाला संपलं. गाठीबरोबर एक किडनीही काढावी लागली. गृहस्थ त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि रफिकभाईंकडेच कपडे शिवत राहिले. त्या मापांइतकी चोख केसपेपरवरची नोंद मी पुढंही फार पाहिली नाही.

रफिकभाईंचं मी ऐकलं, कारण ते आकडे घेऊन आले होते. कडूबाई शब्द घेऊन आल्या, आणि तो शब्द मला नको असलेला होता.

कडूबाई देवगाव रंगारीच्या. घरची शेती, थोरला मुलगा गणेश चितेगावला कंपनीत कामाला. त्याची बायको शीतल, पंचविशीची, पदरी दोन वर्षांची मुलगी. मुलीच्या वेळी सिझेरियन झालेलं होतं. त्या टाक्यांच्या रेषेच्या डाव्या टोकाशी शीतलला बोराएवढी कडक गाठ लागत होती आणि ती दुखत होती. तिघं माझ्यासमोर बसली. सून खाली मान घालून, मुलगा खुर्चीच्या मागं उभा. मी ठरलेले प्रश्न विचारले. शीतल मानेनं हो-नाही करत होती. तेवढ्यात कडूबाई पुढं झुकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "सायेब, बाहेरचं हाय ते. तेवढ्यापुरतंच उठतं."

बाहेरचं! आमच्या भागात बाहेरचं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. कुणाची तरी नजर, कुणाची तरी करणी, पिंपळावरचा मुंजा आणि बाभळीखालची हडळ. या एका शब्दापायी फुटलेली अपेंडिक्स माझ्याकडे चार-चार दिवस उशिरा पोहोचली होती. लिंबू उतरवून झाल्यावर, अंगारा पोटाला लावून झाल्यावर. मी शाळाशाळांतून याविरुद्ध भाषणं दिलेली. दवाखान्यात कुणी 'बाहेरचं' म्हणालं की मी हातातलं पेन ठेवून सुरू व्हायचो. माझा स्टाफ त्याला सरांचं कीर्तन म्हणायचा, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवशीही कीर्तन झालं. मावशी, भूतबीत काही नसतं, ही टाक्याची गाठ आहे, धाग्याभोवती शरीर अशी गाठ धरतं, छोटंसं ऑपरेशन करून काढून टाकू. कडूबाईंनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी हात वर केला. मग त्यांनी पदर सारखा केला आणि गप्प बसल्या. गणेशला माझं बोलणं फार आवडलं. आई, ऐकलं का, असं तो म्हणालाही.

ऑपरेशन केलं. आत चिवट, पांढरट गाठ होती आणि तिच्याजवळ सिझेरियनचा जुना धागाही सापडला. झालं, मला माझा पुरावा मिळाला. मी गाठ काढली, टाके घातले, आणि गाठ तपासणीला न पाठवता बादलीत टाकली. सर्जननं कापलेलं काहीही फेकू नये, ते तपासायला पाठवावं, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो. पण टाक्याच्या गाठीचं काय पाठवायचं? इतका खात्रीचा माणूस होतो मी तेव्हा.

दोन महिन्यांनी गणेश तिला घेऊन परत आला. दुखणं तसंच आहे म्हणाला. त्या दिवशी कडूबाई बरोबर नव्हत्या. मी दाबून पाहिलं. जखम सुरेख भरलेली, हाताला काही लागत नव्हतं, तिलाही त्या दिवशी दुखत नव्हतं. मी गोळ्या लिहून दिल्या आणि उठता उठता गणेशला म्हणालो, कधी कधी मनाचंही असतं, फार लक्ष देऊ नका. पेशंटच्या गर्दीत हे वाक्य तोंडातून निघायला किती वेळ लागतो? त्याचा हिशेब शीतलनं पुढं आठ महिने चुकता केला.

कारण ते वाक्य देवगावात पोहोचलं आणि घरात राहायला लागलं. शीतल महिन्यातले तीन-चार दिवस सरळ उभी राहू शकत नव्हती. कमरेत वाकून चालायची, लेकीला उचलून घेता येत नव्हतं. ती पडून राहिली की गणेश म्हणायचा, डॉक्टरांनीच सांगितलंय, मनाचं हाय. मुलगा वाईट नव्हता. त्यानं मोठ्या डॉक्टरवर विश्वास ठेवला होता, इतकंच. शेवटी एक दिवस तो तिला म्हणाला, मन ताळ्यावर येईपर्यंत माहेरी जाऊन राहा. लेक इथं राहील. त्यावर कडूबाईंनी आपलीही पिशवी भरायला घेतली. ती जाईल तर मीही तिच्या माहेरी राहायला जाईन, असं त्यांनी मुलाला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन एसटीनं थेट माझ्याकडे आल्या.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच दिसलं, की जुनी पेशंट, जुनीच तक्रार, आणि मुलगा बरोबर नाही. टाक्यांच्या जागी पुन्हा गाठ लागत होती. मी म्हणालो, "मावशी, मागेही सांगितलं होतं..."

"सायेब, मागं तुमी लई बोललात. आज म्या बोलते."

आमच्या साळवे सिस्टर औषधांच्या कपाटाशी उभ्या होत्या, त्यांचा हात तिथल्या तिथं थांबला. दवाखान्यात मला असं कुणी बोलत नसे.

"बाहेरचं म्हनलं, तर तुमाला काय वाटलं? भूत?"

मी मान डोलावली.

"भूत दर म्हैन्याला येतं व्हय? आन् चौथ्या दिवशी न्हाऊन जातं? सायेब, ती बाहेर बसती ना, तवा दुखतं. दोन दिस आदी गाठ फुगाया लागती, चौथ्या दिवशी डोक्यावरून पानी घेतलं का बसती. म्या बघू ऱ्हायले ना सालभर. त्या दिवशी पोरगं मागं उभं व्हतं. त्याच्या म्होरं आजून कसं सांगनार?"

मी साळवे सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली.

बाई पाळीच्या दिवसांत बाहेर बसते, ती बाहेरची असते, आणि त्या दिवसांचं सगळं ते बाहेरचं. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. माझी आईही बाहेर बसायची. लहानपणी मीच तिला लांबून ताट सरकवलं होतं. पण तो शब्द घरातला, आणि दवाखान्यातल्या माझ्या कानांना त्याचा एकच अर्थ ऐकू येत होता. मी शीतलला विचारलं होतं, कधीपासून दुखतं. कधी कधी दुखतं, हे विचारलंच नव्हतं. एक शब्द दोनदा म्हणायचा होता फक्त.

आता आजार सांगतो. गर्भाशयाला आतून अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि दिवस राहिले नाहीत की गळून पडतं, तीच पाळी. सिझेरियन करताना गर्भाशय उघडावं लागतं. त्या वेळी फार क्वचित त्या अस्तराचे चार कण टाक्यांच्या रेषेत, पोटाच्या भिंतीत राहून जातात आणि तिथंच रुजतात. यात सिझेरियन करणाऱ्याची चूक असतेच असं नाही. हे कण घर सोडून आले तरी घरची सवय सोडत नाहीत. महिन्याच्या महिन्याला तिथंही फुगतात, तिथंही रक्त सुटतं, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग त्याचीच गाठ होते आणि ती ठणकते. परीक्षेत यावर मी पानभर उत्तर लिहिलेलं होतं आणि चांगले मार्क मिळवले होते. पुस्तकात त्याची मुख्य खूण हीच दिली आहे, की गाठ पाळीबरोबर दुखते. देवगाव रंगारीच्या एका बाईनं ती खूण मला पहिल्याच भेटीत, हलक्या आवाजात सांगितली होती.

ज्या रिवाजावर मी भाषणं ठोकत होतो, त्याच रिवाजामुळे कडूबाईंना सुनेचे दिवस तोंडपाठ होते, ही गोष्ट मला बरेच दिवस टोचत राहिली. म्हणून रिवाज चांगला ठरत नाही. तो वाईटच, आणि तसं मी कडूबाईंनाही पुढं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू. पण त्या बाईनं त्या चार दिवसांत सुनेकडे नुसती शिवाशिव म्हणून पाहिलं नव्हतं. ती कशी उठते, कुठं हात धरते, कोणत्या दिवशी सरळ चालते, हे सगळं पाहिलं होतं. मी एमएस झालेला सर्जन, माझ्या टेबलावर झोपलेल्या बाईकडे मी तितकं पाहिलं नव्हतं.

कडूबाईंनी सांगितलेल्या दिवशी मी शीतलला पुन्हा बोलावलं. गाठ लिंबाएवढी झालेली, वरची कातडी निळसर. हात लावताच तिनं ओठ दाबले. सोनोग्राफी केली, एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला दाखवलं. तिनं फाइल वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि मैत्रीला जागून काही बोलली नाही.

दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं सोपं नव्हतं. या आजारात नुसती गाठ काढून भागत नाही. भोवतालचं निरोगी मांसही बोटभर काढावं लागतं, नाहीतर एखादा कण राहतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. शिवाय गाठ आता स्नायूंवरच्या जाड पांढऱ्या आवरणात शिरली होती. तोही भाग काढला आणि पडलेल्या भोकाला जाळी लावून शिवलं, म्हणजे पुढं तिथून हर्निया होऊ नये. गाठ टेबलावर कापली तर आतून काकवीसारखं काळपट, घट्ट रक्त आलं. किती महिन्यांचं साठलेलं होतं कोण जाणे. साळवे सिस्टर तेव्हा म्हणाल्या, "सर, मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. पण तुम्ही बोलत होता." वीस वर्षं माझ्याबरोबर काम केलेली बाई, आणि तिलाही माझ्या कीर्तनात शिरकाव नव्हता.

काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. ट्रे घेऊन मी दाराशी आलो. गणेश त्या दिवशी रजा काढून आला होता. त्यानं एक नजर टाकली आणि मान फिरवली. लोकांना रक्त सहन होत नाही, मी ट्रे मागं घेणार होतो. पण कडूबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला पुढं ओढलं.

"बघ. मनाचं म्हनत व्हता ना? हे बघ तिचं मन."

गणेशनं पाहिलं. मग बराच वेळ पाहत राहिला. त्या दारात उभं राहून मला जे वाटलं ते कुठल्याही चुकलेल्या ऑपरेशननंतर वाटलं नव्हतं. लाज वाटली, स्पष्ट शब्दांत सांगायचं तर. मी गणेशला म्हणालो, तो शब्द तुझा नव्हता, माझा होता, आणि चुकीचा होता. पहिल्याच वेळी गाठ तपासायला पाठवली असती तर हे आठ महिने वाचले असते. एखादा दुसरा असता तर त्यानं माझी कॉलर धरली असती. गणेशनं एवढंच विचारलं, "किती दुखत आसंल हो हे?" मी जमेल तसं खरं सांगितलं.

या वेळी गाठ तपासणीला गेली आणि अहवालात तेच आलं. त्यानंतर मी कापलेलं सगळं पाठवू लागलो. पायाच्या नखाची कातडीसुद्धा. माझा पॅथॉलॉजिस्ट मित्र फोन करून विचारायचा, आज केस कापायला गेला होतास का, ते नाही आले. आणि कुठलीही बाई पोटाची तक्रार घेऊन आली की मी बरोबरच्या पुरुषांना चहाला पाठवायचो. पुढच्या वर्षांत हाच आजार मी आणखी काही जणींत ओळखला, कुणाला दुसऱ्यांदा कापावं न लागता. त्या सगळ्या जणी कडूबाईंना ओळखत नाहीत. मी त्यांच्या वतीनं इथं आभार मानतो. दवाखाना बंद करताना भिंतीवरच्या माझ्या शिक्षकांच्या फोटोंच्या सगळ्या चौकटी उतरवल्या, तेव्हा मनात आलं, की यांत एक चौकट रफिकभाईंची आणि एक कडूबाईंची हवी होती. माझ्या शिक्षकांत मी त्यांना धरतो.

पण ऑपरेशन नीट झालं की नाही, हे जखमेवरून कळणार नव्हतं. अहवालावरूनही नाही. ते पुढच्या पाळीला कळणार होतं. आम्हा सगळ्यांना त्याचीच वाट पाहायची होती, आणि गणेशनं दरम्यान माहेरचा विषय काढला नव्हता, तरी तो मिटलाही नव्हता. दीड महिन्यानं तिघं आली. मधल्या काळात मला किती वेळा वाटलं, फोन करून विचारावं. हिंमत झाली नाही.

या वेळी गणेश खुर्चीमागं उभा राहिला नाही, शीतलच्या शेजारी बसला. त्याला चहाला पाठवावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तो काही उठायच्या बेतात दिसेना. मी केसपेपर पुढं ओढला. कडूबाई नेहमीसारख्या पुढं झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सायेब, ते बाहेरचं..."

"थांबा, आत्या," शीतल म्हणाली. तिनं सासूच्या हातावर हात ठेवला होता. मान वर होती. "डॉक्टर, मंगळवारी मला पाळी आली. दुखलं नाही. लेकीला उचलून घेतलं मी."

गणेश तिच्याकडे पाहत होता. कडूबाई पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी पेन हातात धरून तसाच बसलो, कारण एवढ्या भेटी झाल्या, दोनदा तिचं पोट उघडून झालं, आणि तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "अजून सांग."